बंद कारखान्याच्या जागेवर बाग-तळं करणार म्हणतायत, नेमकं काय विचारायचं?

रानजाई
आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक बंद कारखाना आहे, साधारण १२ एकर, धातूकामाचा होता, बंद पडून वीसेक वर्षं झाली असतील. शेडचे पत्रे अर्धे उडाले, उरलेले भंगारवाल्यांनी नेले, मधल्या अंगणात झाडं माजलीत आणि जोराचा पाऊस झाला की तिथलं सगळं पाणी आमच्या गल्लीत. आता पुनर्विकास होणार म्हणून आम्हा रहिवाशांना प्रेझेंटेशन दाखवलं. स्लाईडवर सगळं हिरवंगार, मधे तळं, कडेने वॉकिंग ट्रॅक, कोपऱ्यात मुलांना खेळायला जागा, आणि मोठ्या अक्षरात "पावसाचा थेंबन्‌थेंब जमिनीत मुरवणार". मी विचारलं, जमिनीत आधीच काय मुरलंय ते कोणी तपासलंय का? तर दोघं-तिघं हसले आणि पुढची स्लाईड आली.
मला यातलं तांत्रिक काही कळत नाही. पुढच्या महिन्यात लेखी हरकती-सूचना द्यायच्यात. विरोधासाठी विरोध करायचा नाहीये, झाडं मलाही हवीच आहेत, फक्त प्रश्न असे हवेत की हसून टाळता येणार नाहीत.

मातीमोल
हसू देत. तुमचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. माझं कामच माती तपासणीचं, त्यामुळे जरा लांबण लावतो.
"थेंबन्‌थेंब मुरवणार" हे स्वच्छ जमिनीवर ठीक. पण खाली क्रोमियम, शिसं, जुनं तेल नाहीतर सॉल्व्हंट (ग्रीस-रंग धुवायचं रसायन) असेल तर वरून मुरवलेलं पाणी त्यातलं विरघळेल तेवढं घेऊन भूजलात उतरतं, म्हणजे इतकी वर्षं काँक्रीटच्या फरशीखाली जे बऱ्यापैकी एका जागी पडून होतं त्याला आपणच वाट करून दिली. फरशी फोडून शोषखड्डे खणणं हे अशा जागी चांगल्या हेतूने केलेलं सगळ्यात वाईट काम असू शकतं.
म्हणून आधी जागेचा इतिहास. जुने नकाशे काढा. बॉयलर कुठे होता, ट्रान्सफॉर्मर कुठे, प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा द्यायचा विभाग कुठे, जमिनीखाली टाक्या होत्या का. मग त्या-त्या ठिकाणी बोअर मारून वेगवेगळ्या खोलीवरचे मातीचे नमुने, शिवाय भूजलाचे नमुने. गेटजवळची चार घमेली माती लॅबला पाठवून "सगळं ओके" असा रिपोर्ट आणणारे मी पाहिलेत. त्यामुळे नुसता रिपोर्ट मागू नका, नमुने कुठून आणि किती खोलीवरून घेतले त्याचा नकाशा मागा.
विष सापडलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. सगळीच माती उचलायची गरज नसते. जिथे फार वाईट आहे तिथली काढायची, बाकीच्यावर जाड कापडासारखं जिओटेक्स्टाईल आणि त्यावर स्वच्छ मातीचा जाड थर. कापड भडक रंगाचं वापरतात, म्हणजे पुढे कोणी केबलसाठी खणलं तर कळतं की याच्या खाली जायचं नाही. आणि मुलांची खेळायची जागा सगळ्यात स्वच्छ भागात, कारण शिसं मुलांच्या पोटात जातं ते मातीचे हात तोंडात घातल्याने. स्लाईडवरचा तो कोपरा कोणत्या विभागाच्या जागेवर येतोय ते पहिलं बघा.

हिरवळप्रेमी
एवढा खर्च कशाला? सूर्यफूल, मोहरी लावा, झाडं विष शोषून घेतात, दोन-तीन वर्षांत जमीन साफ. निसर्ग सगळं करतो.

मातीमोल
@हिरवळप्रेमी, अर्धं खरं आहे. मोहरी काही धातू शोषते, आणि आर्सेनिक शोषणारं एक नेचं तर प्रसिद्धच आहे. पण मुळं जातात तेवढ्याच खोलीपर्यंत हे काम होतं, दोन-तीन वर्षं नव्हे तर कित्येकदा दशकं लागतात, आणि धातू नाहीसा होत नाही, मातीतून पानात येतो. मग ते पीक कापून घातक कचरा म्हणूनच हाताळावं लागतं, गुरांच्या तोंडी लागू देऊन चालत नाही. तेलाचं वेगळं, तेल जिवाणू खातात, त्यासाठी मातीला हवा आणि खत दिलं की बराच फरक पडतो.
अमेरिकेत सिएटलच्या गॅस वर्क्स पार्कमध्ये तेच केलं होतं. गॅस बनवायचा कारखाना १९५६ मध्ये बंद पडला, रिचर्ड हाग या लँडस्केप आर्किटेक्टने तिथल्या मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून जिवाणूंना कामाला लावलं आणि १९७५ मध्ये पार्क उघडला. कल्पना जबरदस्तच, पण जागा पूर्ण साफ झाली नाही, नंतरही तपासण्या आणि मातीचे नवे थर करावे लागले. म्हणजे करा, पण एकदा केलं की सुटलो असं धरून चालू नका.

जुना_फिटर
मी अशाच एका कारखान्यात २६ वर्षं काढली, नाव घेत नाही. नकाशात सगळं सापडत नाही हो. आमच्याकडे प्लेटिंगच्या टाकीतलं पिवळं पाणी रात्रपाळीत मागच्या भिंतीजवळच्या खड्ड्यात सोडायचे, कागदावर तिथे "मोकळी जागा" लिहिलेलं. उन्हाळ्यात त्या भिंतीच्या खालच्या विटांवर पिवळे डाग फुटायचे, पुसले तरी महिन्याभरात परत. तिथे गवत पण उगवायचं नाही, आम्ही नवीन पोरांना सांगायचो तिकडे डबा घेऊन बसू नको.
तुमच्या तिथले जुने कामगार शोधा, त्यातही मेंटेनन्सवाले आणि रात्रपाळीचे. त्यांना आत नेऊन फिरवा, ते बोट दाखवतील तिथे बोअर घ्या. ऑफिसातल्या साहेबाला यातलं काही माहीत नसणार. आणि सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे पडले असतील तर हातोडा लावू देऊ नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याचे बारीक तंतू श्वासात गेले की घातक, ते ओलं करून नीट गुंडाळून काढायचं असतं.

रानजाई
काका, हे कोणी सांगितलं नसतं. आमच्या मागच्या गल्लीत दोन निवृत्त कामगार राहतात, उद्याच जाते. पण मग पाण्याचं काय? मुरवायचं नाही तर ते आमच्याच दारात येणार ना?

पाणलोट
मुरवायचं नाही म्हणजे अडवायचं नाही असं कुठे आहे. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १२ एकर म्हणजे साधारण ४८,५०० चौ.मी., त्यावर ५० मिमी पडला की २४ लाख लिटर. आत्ता सगळी फरशी आणि कडक झालेली जमीन आहे, त्यामुळे त्यातलं बरंचसं तासाभरात तुमच्या गल्लीत.
उपाय जागा बघून. तपासणीत स्वच्छ निघालेल्या भागात पावसाची बाग करा, म्हणजे खोलगट वाफा, खाली वाळू-खडीचा थर, वर पाणी आणि कोरड दोन्ही सोसणारी झाडं. २४ ते ४८ तासांत पाणी उतरलं पाहिजे, नाहीतर डास. दूषित भागात तोच वाफा करा पण तळाला अस्तर टाकून, पाणी गाळून खालच्या पाइपने तळ्याकडे न्या, म्हणजे ते जमिनीला न शिवता थांबतं आणि सावकाश जातं. गच्चीबाग तर कुठेही चालते कारण तिचा खालच्या मातीशी संबंधच नाही.
जर्मनीत डुइसबुर्गला लोखंडाचा मोठा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला, तिथे पेटर लाट्स यांनी पार्क केला, १९९४ मध्ये उघडला. भट्ट्या पाडल्याच नाहीत, लोक त्यावर चढून शहर बघतात, गॅसच्या टाकीत पाणी भरून डायव्हिंग शिकवतात. मला सगळ्यात आवडतं ते पाणी. आधी तिथून सांडपाण्याचा उघडा नाला वाहायचा, तो जमिनीखाली पाइपात घातला आणि वरच्या पात्रात छपरांवरून येणारं पावसाचं पाणी सोडलं. मुरवामुरवीची घोषणा नाही, कुठलं पाणी कुठे जाणार ते मात्र ठरलेलं.
अजून एक, त्या माजलेल्या झाडांवर सरसकट जेसीबी फिरवू देऊ नका. फुटक्या विटा आणि चुन्याने तिथली माती अल्कधर्मी झालेली असते, नर्सरीतली नाजूक रोपं त्यात पिवळी पडतात, आणि ही आपोआप उगवलेली मात्र वीस वर्षं तगलीत, कोणी पाणी घातलं नाही की खत. बर्लिनमध्ये १९५२ पासून बंद असलेल्या एका रेल्वे यार्डात असंच रान उगवलं, ते तसंच ठेवून रुळांमधून पायवाट काढली. विषाची जागा असेल तिथली जातील, इलाज नाही. बाकीची मोजून, नकाशावर मांडून मग ठरवू द्या.
देखभालीचं पण लेखी घ्या. पाणी शिरायच्या तोंडाशी गाळ साचतो, पाणी झिरपणाऱ्या फरशीची भोकं धुळीने बुजतात, नव्याचे नऊ दिवस झाले की पावसाच्या बागेचं डबकं होतं.

भाड्याचं_घर
सगळे माती-पाण्यावर बोलतायत, माझा कडू मुद्दा. पार्क झाला की भाडं वाढतं. न्यूयॉर्कचा हाय लाईन, जुन्या मालगाडीच्या उंच मार्गावरचा, २००९ मध्ये उघडला, आजूबाजूला महागडे टॉवर आले, आणि तो उभा करणाऱ्यांपैकीच एकाने पुढे जाहीरपणे मान्य केलं की शेजारच्या गरीब वस्तीसाठी आपण कमी पडलो. इतकी वर्षं धूर आम्ही खाल्ला आणि सावलीत बसायला दुसरेच येणार, असं नको व्हायला. परवडणाऱ्या घरांचा आकडा आणि ती किती वर्षं परवडणारी राहणार हे बाग मंजूर व्हायच्या आधीच ठरवून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

रानजाई
हा मुद्दा सूचनेत सगळ्यात वर टाकते, मी स्वतः भाड्याने राहते.
आज त्या दोघा कामगारांना भेटून आले. एकांनी माझ्या मोबाईलवरच्या प्रेझेंटेशनचा फोटो मोठा करून बघितला, मुलांच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे अ‍ॅसिडची टाकी होती." @मातीमोल, एवढ्यासाठी बोअर किती खोल मागायचा?

मातीमोल
आकडा आधी ठरवू नका. टाकीच्या तळाखाली आणि चारी बाजूंना, स्वच्छ माती लागेपर्यंत, असं लिहा. आणि भूजल वाहतं त्या दिशेला एक निरीक्षण बोअर, म्हणजे पाणी वेळोवेळी तपासायला. त्या काकांचं म्हणणं तारखेसकट लिहून, त्यांची सही घेऊन सूचनेला जोडा.