अंतुले गेले, पुढे काय झालं? राजीनाम्याने नेमकं साधतं काय?

परमिटवाला

गेल्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक उपसताना वडिलांचा सिमेंटच्या परमिटचा अर्ज सापडला. साल १९८१. न्हाणी आणि स्वयंपाकाच्या ओट्यासाठी आठ गोण्या मागितलेल्या, कोपऱ्यात लाल शाईने "दोन" लिहिलेलं. त्या दोन गोण्या घरी आल्यावर आजीने रिकामी पोती अंगणात पथारी टाकून त्यावर झटकली होती. जे काही दोन ओंजळी निघालं त्यातून तुळशीवृंदावनाची भेग बुजवली.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. दर ठरलेला, माल कमी, वाटप सरकारच्या हातात. आमच्यासारख्यांना तालुक्याच्या कचेरीत रांग, मुंबईच्या बिल्डरला मंत्रालयात वाट. मुख्यमंत्री बॅ. अंतुल्यांनी १९८०मध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान काढलं. ३१ ऑगस्ट १९८१ला इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरींचा लेख आला आणि या प्रतिष्ठानच्या देणग्या गाजू लागल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. १२ जानेवारी १९८२ला न्या. लेंटिन यांनी निकाल दिला की बिल्डरांना जादा सिमेंट आणि प्रतिष्ठानला देणगी हा देवघेवीचा व्यवहार होता. अंतुल्यांनी राजीनामा दिला. पेढे वाटले गेले, आमच्या आळीतही.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे राजीनामा ही शिक्षा नाही, ती सुटका आहे. माणूस गेला की लोकांचा राग जातो आणि मूळ मामल्याकडे कुणी वळूनही बघत नाही. अंतुले १९९५मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री, २००६मध्ये पुन्हा केंद्रात मंत्री. मुख्यमंत्री निलंगेकर १९८६मध्ये मुलीच्या एम.डी.च्या गुणवाढीच्या प्रकरणात कोर्टाचे ताशेरे खाऊन गेले, २००३मध्ये सुशीलकुमार शिंद्यांच्या मंत्रिमंडळात हजर. मुख्यमंत्री मनोहर जोशी जानेवारी १९९९मध्ये जावयाच्या पुण्यातल्या भूखंडाच्या गदारोळात गेले, त्याच वर्षी केंद्रात मंत्री, २००२मध्ये थेट लोकसभेचे अध्यक्ष. हे जाणं की बदली?

कायद्याचा_किडा

साफ असहमत. तुम्ही पुढची पदं मोजताय, राजीनाम्याने त्या दिवशी काय केलं ते बघत नाही.

पदावरच्या माणसावर भ्रष्टाचाराचा खटला भरायला पूर्वमंजुरी लागते. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत ती राज्यपालांनी द्यायची. म्हणजे खुर्ची हे नुसतं आसन नाही, चिलखत आहे. भाजपचे रामदास नायक यांनी अंतुल्यांवर खासगी फिर्याद केली, ती मंजुरीच्या मुद्द्यावर लटकली. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की ज्या पदाच्या गैरवापराचा आरोप आहे ते पद आरोपीकडे उरलंच नसेल तर मंजुरीची गरज नाही. आमदारकीच्या आडही लपता येणार नाही, कारण त्या कायद्यापुरता आमदार लोकसेवक नाही. राजीनामा झाला नसता तर हा निकाल या रूपात आलाच नसता. पेढे अगदीच वाया गेले नाहीत.

परमिटवाला

किडेसाहेब, पुढचं पान उलटा की. १९८८मध्ये सात न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि बहुमताने म्हणालं की १९८४ला खटला थेट उच्च न्यायालयात वर्ग केला तीच चूक होती. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शिक्षा किती झाली? शून्य. मी तेच म्हणतोय, माणूस गेल्यावर घाई कुणालाच राहत नाही.

खाडीपलीकडचा

मी म्हसळ्याकडचा. अंतुलेसाहेब आमच्या आंबेतचे, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी शोध लावायला नको.

तुम्ही सगळे सिमेंट, सिमेंट करता. पैसे चेकने आले, नोंदणी झालेल्या ट्रस्टमध्ये आले, लेखक-कलावंतांना मदत हा हेतू लिहिलेला होता. घरात नाही नेले. ज्यांनी नोटांच्या बॅगा नेल्या त्यांची नावं कुठल्या निकालात नाहीत, कारण त्यांनी पावती दिली नाही. आणि माणूस कसा होता? फाईल समोर आली की सही, "तपासून सादर करा" हा शेराच नाही. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड त्यांनी केलं. सिंधुदुर्ग आणि जालना जिल्हे १ मे १९८१ला झाले. संजय गांधी निराधार योजना त्यांची. माझी आत्ये नवरा गेल्यावर त्या पैशांवर जगली. ती साहेबांचा फोटो देवघराशेजारी लावायची, देवघरात नाही, पण शेजारी.

त्यांना काढून राज्याला काय मिळालं ते सांगा की.

उगाच_एक

पावती मिळाली की लाचेची देणगी होते, हे आमच्या आरटीओच्या एजंटाला कळवतो. बिचारा उगाच रोखीत घेतो.

परमिटवाला

खाडीपलीकडचे, तुमच्या आत्याबद्दल आदर आहे. पण चेकचा मुद्दा मला उलटा वाटतो. चोरून घेणाऱ्याला निदान आपण चोरी करतोय हे माहीत असतं. इथे सरकारी कोट्यातला माल सरकारी दराने द्यायचा आणि त्याची किंमत दुसऱ्या खिडकीवर, छापील पावती फाडून घ्यायची. जी खिडकी बिल्डरला उघडी, ती माझ्या वडिलांना नव्हती. त्यांच्याकडे देणगी द्यायला होतं काय?

लालबागची_लेक

"काढून काय मिळालं" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, खाडीपलीकडच्यांची बाजू पटत नसली तरी.

तारखा लावून बघा. राजीनामा १२ जानेवारी १९८२. गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारीला. मधल्या दिवसांत दिल्लीत नवं नाव ठरत होतं. अडीच लाख गिरणी कामगार कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे घरी बसले, तेव्हा नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधीही झालेला नव्हता. मग आले बाबासाहेब भोसले. माणूस विनोदी, सज्जन असेल, पण स्वतःच्याच पक्षात त्यांच्यामागे कुणी नव्हतं. ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं, लष्कर बोलवायची पाळी आली. माझे वडील तेव्हा रोज संध्याकाळी युनियनच्या सभेला जायचे आणि घरी येऊन एकच वाक्य म्हणायचे, "बोलायचं कुणाशी?" समोर सरकार म्हणून कुणी होतंच नाही.

संप अंतुल्यांनी मिटवला असता असं मी म्हणत नाही. गिरणीमालक आणि दिल्ली, दोघांनाही मिटवायचा नव्हता असं माझं मत. पण अडीच लाख घरं पणाला लागलेली असताना राज्य ढिलं पडलेलं होतं, आणि ते ढिलेपण या राजीनाम्यातून आलं. १९८२ ते १९८८ या साडेसहा वर्षांत मोजा: भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, मग शरद पवार. प्रत्येक वेळी माणूस दिल्लीहून ठरलेला. परमिटवाल्यांना राजीनामा हलका वाटतो. आमच्या चाळीला तो फार जड गेला.

कायद्याचा_किडा

हा मुद्दा मान्य, पण दोष राजीनाम्याचा कसा? भोसल्यांना निवडलं कुणी? तालेवार नेता बसवला तर तो डोईजड होईल, म्हणून मुद्दाम हलका माणूस बसवला. पुलाचा खांब काढला तर पूल हलतोच, म्हणून सडका खांब ठेवायचा का?

उगाच_एक

भोसल्यांचा तो किस्सा राहिलाच. पद गेल्यावर ते म्हणाले म्हणे, मुख्यमंत्रीपद काढून घेतलं, पण आता "माजी मुख्यमंत्री" हे पद कुणाचा बाप काढून घेऊ शकत नाही. धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

आजोबा_७८

बंद कशाला? तुम्ही सगळे १९८२पासून सुरुवात करता. मुंदडा प्रकरण घ्या. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम ओतली. डिसेंबर १९५७मध्ये लोकसभेत प्रश्न धसाला लावला तो फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधानांच्या जावयाने, सत्ताधारी बाकांवरून. न्या. छागलांचा एकसदस्य आयोग बसला. मुंबईत उघड सुनावण्या झाल्या, आत जागा नाही म्हणून बाहेर कर्णे लावले होते. अहवाल किती दिवसांत? चोवीस. फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले.

मी तेव्हा शाळकरी पोर, पण घरात वडीलधारे वर्तमानपत्र मोठ्याने वाचत ते आठवतं. लोकांना फक्त "गेला" एवढं कळलं नव्हतं, काय झालं ते साक्षीपुराव्यानिशी कळलं होतं. मुंदडाला पुढे तुरुंगही झाला. तेव्हा राजीनाम्याला चव होती, कारण आधी चौकशी होती. आता आधी राजीनामा, मग चौकशीची घोषणा, मग मुदतवाढ.

परमिटवाला

आजोबा, लाखातलं बोललात. पण कृष्णम्माचारी साडेपाच वर्षांत परत अर्थमंत्री झाले की. आणि त्यांचे वित्त सचिव एच. एम. पटेल, ज्यांनाही त्या प्रकरणात जावं लागलं, ते १९७७मध्ये स्वतःच अर्थमंत्री. सोन्याच्या काळातही परतीचं तिकीट होतंच.

आजोबा_७८

होतं. परत येण्याला माझी हरकत नाही. झाकपाक करण्याला आहे.

तासगावचा_पाव्हणा

आमच्या आबांचं नाव अजून कुणी काढलं न्हाई म्हणून लिहितो. २६/११नंतर एका वाक्यावर आर. आर. पाटलांनी उपमुख्यमंत्रीपद आणि गृहखातं सोडलं. "बडे बडे शहरों में" वालं ते वाक्य, चुकलंच, नको होतं बोलायला. पण पैशाचा डाग न्हवता. मागोमाग मुख्यमंत्री विलासरावही गेले. वर्षाच्या आत निवडणूक झाली आणि आबा परत गृहमंत्री, तेच खातं.

आता सांगा, त्या वर्षभरात पोलिसांच्या बोटी, जाकिटं, बंदुका यांचं काय झालं यावर किती चर्चा झाली? सगळा महाराष्ट्र त्या वाक्यावर भांडत होता. मला आबांचा जिव्हाळा आहे म्हणून राग येतो असं समजा. राजीनाम्याने माणूस भाजला, चूक तशीच थंडगार राहिली.

खाडीपलीकडचा

पाव्हणं, हेच तर मी वर म्हणत होतो.

तासगावचा_पाव्हणा

न्हाई हो, तुमचं वेगळं. तुमच्याकडं हायकोर्टाचा निकाल आहे, आमच्याकडं फक्त जीभ घसरली होती. एका पंगतीत बसवू नका.

परमिटवाला

किडेसाहेब, तुमच्या चिलखताच्या मुद्द्यावर रात्री विचार केला. १९८४चं म्हणणं खरंच चोख आहे. पण २०१८मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा दुरुस्त केला, आणि पदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी आता पद गेल्यावरही मंजुरी लागते ना?

कायद्याचा_किडा

लागते. दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. इतर फौजदारी कलमांसाठी तर माजी लोकसेवकालाही संरक्षण आधीपासूनच होतं. आदर्श सोसायटीच्या प्रकरणात तेच दिसलं. मुख्यमंत्री अशोक चव्हाण नोव्हेंबर २०१०मध्ये गेले. सीबीआयने मंजुरी मागितली, राज्यपालांनी २०१३मध्ये नाकारली. राज्यात आणि दिल्लीत सरकारं बदलली, नव्या राज्यपालांनी २०१६मध्ये दिली, २०१७मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०२४मध्ये ते भाजपमध्ये, राज्यसभेत. मंजुरी देणाऱ्या राज्यपालांना नेमलं होतं त्याच पक्षाच्या सरकारने. यावर भाष्य करायला माझी फी वेगळी.

तेव्हा एवढं मागे घेतो: खुर्ची सोडली की चिलखत उतरतं, हे आज तितकंसं खरं नाही. पण खुर्चीवर बसूनच चौकशी होऊ द्यायची हा पर्याय मला अजूनही मंजूर नाही. ज्या खात्याचे कारकून साक्षीला यायचे, त्यांच्या बदल्या याच माणसाच्या सहीने व्हायच्या. तुमच्या वडिलांच्या अर्जावर "दोन" लिहिणाऱ्याने खरं बोलायचं ठरवलं असतं तर कुणाला घाबरला असता?

परमिटवाला

हे मान्य. कारकुनाची बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती, आम्ही त्याला फक्त शिव्या घातल्या.

लालबागची_लेक

एक राहून गेलं. अंतुले जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, फेब्रुवारी १९८२च्या अखेरीस केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. काही माल खुल्या बाजारात. पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. ज्या टंचाईवर हा सगळा खेळ उभा होता ती अशी एका परिपत्रकाने सैल झाली, आणि त्यासाठी कुणी पेढे वाटल्याचं ऐकलं नाही. परमिटवाले, ती न्हाणी पुढे झाली का?

परमिटवाला

झाली. ८३च्या दिवाळीत, परमिटशिवाय, बाजारभावाने. गोणीमागे किती पडले ते वडिलांनी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.