हास्केअरचा दिवा बंद करावा का?

हिशेबी:
स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांपैकी नॉर्थ युइस्ट, आणि त्याच्याही पलीकडे अटलांटिकात हास्केअर हे खडकाळ बेट. वस्ती शून्य, सील आणि समुद्रपक्षी तेवढे. १९९७ साली स्कॉटलंडची दीपगृहं सांभाळणाऱ्या नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाने तिथे सौरऊर्जेवरचा छोटा स्वयंचलित दिवा बसवला. तेव्हा ठीक होतं. आता साध्या मासेमारी बोटीवरही जीपीएस असतं. मग देखभालीसाठी असल्या खडकावर हेलिकॉप्टरने माणसं उतरवायची कशाला? माझं मत, बंद करा.

दर्यावर्दी:
साहेब, जहाजावर रात्री बारा ते चारची वॉच करून बघा एकदा. जीपीएसचा सिग्नल मुळात क्षीण, जॅम करणं फार अवघड नाही. २०१७ मध्ये काळ्या समुद्रात जहाजं पाण्यात होती आणि स्क्रीनवर विमानतळावर दिसत होती! ई-लोरानचा, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून जागा काढायचा, पर्याय होता, तोही ब्रिटनने २०१५ अखेर बंद केला. ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, विंगवर जाऊन दिव्याचं बेअरिंग (दिशेचा कोन) घ्यायचं. ते रडारशी जुळलं की जीव भांड्यात पडतो.

हिशेबी:
काळा समुद्र कुठे, हेब्रिडीज कुठे! आणि ‘ब्रेअर’ कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. १९९३ ला स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांजवळ त्या टँकरचं इंजिन बंद पडलं, सुमारे ८५ हजार टन तेल समुद्रात गेलं. दिवा काय करणार होता तिथे?

मु_पो_ॲबर्डीन:
काहीच नाही. पण त्यानंतर भरलेल्या मोठ्या टँकरनी स्कॉटलंडची मुख्य भूमी आणि हेब्रिडीज यांच्यामधल्या मिंचच्या चिंचोळ्या समुद्रात न शिरता हेब्रिडीजच्या पश्चिमेने जावं यावर भर आला. तिकडे दिवे विरळ. म्हणून हास्केअर, गास्केर आणि मोनाक, तिन्ही बेटांवर १९९७ लाच दिवे बसवले.
बाकी सौरऊर्जेची कमाल बघा. डिसेंबरात तिथे दिवस साडेसहा तासांचा, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ९ अंश वर. म्हणजे ऊन सगळ्यात कमी तेव्हाच दिवा सगळ्यात जास्त वेळ जळायचा. पॅनेल आणि बॅटऱ्यांचा हिशेब डिसेंबर धरूनच करावा लागतो, जूनमध्ये वीज उतू जाते.

जुनाट:
१९९८ ला फेअर आयल बेटावरून स्कॉटलंडचे शेवटचे दीपगृह-रक्षक हलवले, तेव्हाच सगळं संपलं. आता नुसते बल्ब.

दर्यावर्दी:
अहो, हास्केअरच्या दिव्यावर रक्षक कधी नव्हताच. गळा कुणासाठी काढताय?

हिशेबी:
भावना राहू द्या, पैशाचं बोला.

दर्यावर्दी:
ब्रिटिश बंदरात येणारी व्यापारी जहाजं ‘लाइट ड्यूज’ (दीपगृहांसाठीचं शुल्क) भरतात, त्यातून चालतं. करदात्याच्या खिशाला हात नाही.

हिशेबी:
जहाजवाले ते मालभाड्यातूनच काढतात ना? शेवटी आपणच भरतो. जहाजाच्या स्क्रीनवरच्या नकाशावर व्हर्च्युअल खूण टाका, स्वस्तात काम.

मु_पो_ॲबर्डीन:
आणि त्या खुणेपासून जहाज किती लांब, हे कोण सांगणार? तेच जीपीएस.

हिशेबी:
बरं, ठेवा दिवा. पण हेलिकॉप्टरचं बिल एकदा बघायला मिळू दे.