समुद्राकाठच्या कड्यावरून उन्हाळ्यात चाललायत का? अनुभव सांगा

परवा हरिहरेश्वरला जाऊन आलो, तेव्हापासून हे विचारायचंच होतं. दर्शन झालं आणि सकाळी सातच्या सुमाराला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेला लागलो, मी, बायको आणि बाबा, बाबांचं वय ७१. आधी थोडी चढण आणि मग दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या घळीतून पायऱ्या उतरत एकदम समुद्रच समोर! घळीत वारा असला सुटलेला की बाबांचं उपरणं दोनदा उडालं. खाली लाटांनी खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडलीये, भोकात बोट घातलं की आत वाळलेलं मीठ लागतं. आम्ही तिथेच रमलो, बाबा प्रत्येक खडकाला हात लावून बघत होते, आणि मागे वळून बघतो तर ज्या खडकावर मगाशी फोटो काढला त्याच्यावरून पाणी जातंय. अर्ध्यातून परत फिरलो. बाबांचा हात धरून पायऱ्या चढेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुमच्यापैकी कोणाला असं काही झालंय का, काय काळजी घेता, सगळं लिहा.

सड्यावरची
परत फिरलात ते फार बरं केलंत. तिथे माणसं वाहून गेलीयेत हो. आमच्या रत्नागिरीकडे आजोबा तिथीवरून भरती सांगायचे, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता पूर्ण भरती, म्हणजे अष्टमीला सहाला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. थोडं मागेपुढे होतं पण अंदाजाला पक्कं. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या जवळ उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं.
माझा अनुभव रत्नदुर्गाचा. एप्रिलमध्ये भगवतीच्या देवळाकडून तटावरून दीपगृहाच्या बाजूला चालत होते, अकराच वाजले होते पण जांभा असा तापलेला की चपलेतून चटके. घाबरवलं मात्र उन्हाने नाही, वाळक्या गवताने! उतारावरचं सोनेरी गवत दिसायला छान पण पाय ठेवला की तेल सांडल्यासारखा सटकतो, मी बसूनच पडले आणि हाताला करवंदीची जाळी लागली म्हणून थांबले. तळहातात काटे घुसले तरी सोडली नाही. तेव्हापासून कडेला गवत असेल तर मी उघड्या कातळावरूनच चालते.

नीलकंठ_यूके
आम्ही सहा जण जूनमध्ये सीफर्ड ते ईस्टबोर्न चाललो, सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून, जवळपास २२ किलोमीटर. चढ, उतार, परत चढ, आणि सावली कुठेच नाही. इंग्लंडचं ऊन ते काय असं म्हणून टोपी घेतली नाही, गार वारा असतो त्यामुळे भाजतंय ते कळतच नाही, रात्री मानेला उशी टेकवेना. बर्लिंग गॅपला बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, त्या जेवणाची चव अजून आठवते, वर चंडोल गात होते.
पण एक सांगतो, हा कडा म्हणजे खडू आहे, शब्दशः. पांढऱ्या भिंतीत काळ्या गारगोट्यांचे थर दिसतात. लाटा खालून खात जातात आणि वर गवत तसंच राहतं, म्हणजे पायाखाली जमीन दिसते पण तिच्याखाली काही नसू शकतं. बेल टूट नावाचं जुनं दीपगृह तर कडा जवळ आला म्हणून १९९९ मध्ये अख्खं १७ मीटर आत सरकवलंय. पुढे बीची हेड १६२ मीटर उंच आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, तरी लोक कडेवर पाय सोडून बसतात. आमच्यातला एक जण फोटोसाठी निघाला होता, त्याला मी दंडाला धरून मागे ओढला. रागावला तो. चालेल.

मीनल
वर्कला, केरळ. जांभ्याचा कडा, वरून पायवाट, खाली पापनाशम किनारा. संध्याकाळी पाचनंतरच चाला, दुपारी नको. कड्यातून गोड्या पाण्याचे झरे येतात, त्या पाण्याने तोंड धुतलं आणि दिवसभराचा शीण गेला.

धागाकर्ता
सड्यावरची, तुमचं वाचून पंचांग काढलं. आम्ही गेलो त्या दिवशी त्रयोदशी होती. तेराला पाऊणने गुणलं की पावणेदहा, आणि आम्ही सातला उतरलो, म्हणजे ऐन चढत्या पाण्यात! अंगावर काटा आला. प्रदक्षिणा अर्धी राहिली हे बाबांच्या फार मनाला लागलंय, पाऊस सुरू व्हायच्या आत परत जायचं म्हणतायत. येत्या पंचमीला जमेल का?

सड्यावरची
पंचमीला भरती पावणेचारला, ओहोटी दहाच्या सुमाराला. नऊला उतरा, आणि उतरायच्या आधी वर नारळवाल्यांना विचारा.