देव मानला की सैतानही मानावाच लागतो का?

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या वाचनगटात या विषयावर बोलायचंय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे.

पारशी धर्मात अहुर मज्दा या देवासमोर अंग्र मैन्यू हा दुष्ट विरोधक उभा आहे. वाईट सगळं त्याच्याकडून येतं, त्यामुळे देवावर ठपका येत नाही. बायबलमधल्या ईयोब या सज्जन भक्ताच्या गोष्टीत मात्र सैतान देवाच्याच दरबारात हजर होतो आणि देवाच्या परवानगीशिवाय ईयोबाला हातही लावू शकत नाही. मग तो विरोधक कसला?

आपल्याकडे तर निराळंच. खंडोबाने मणी-मल्लांचा पाडाव केला, चंपाषष्ठीला आपण तो विजय साजरा करतो, आणि शरण आलेल्या मणीला जेजुरीत पूजेचा मानही मिळाला! पसायदानातही खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावो एवढंच मागणं आहे. मला हे फार जवळचं वाटतं.

पण विरोधकच नसेल तर तान्ह्या लेकराच्या दुखण्याचा जाब कोणाला विचारायचा? ‘पूर्वकर्म’ हे उत्तर त्याच्या आईसमोर माझ्या तोंडून निघणार नाही.

वारकरी किंवा अद्वैत परंपरेत याहून वेगळं उत्तर कुणी दिलंय का? पारशी, ख्रिस्ती मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात हे प्रत्यक्षात कसं मानतात, तेही कृपया सांगा.