अडुळसा ठीक, पण ज्येष्ठमध जपून

खोकल्याच्या काढ्याबद्दलच्या चर्चेत ‘अडुळशाने कफ सुटतो ही नुसती समजूत’ असं कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं आणि कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध त्याच्याच रेणूवरून घडवलेलं आहे. मात्र व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदरपणी अडुळसा नकोच.

काढ्यातल्या ज्येष्ठमधाबद्दल कुणीच बोललं नाही! घसा खवखवत असताना दोन दिवस काडी चघळली तर ठीक. पण महिनोन्महिने घेतलं (गोड लागतं, त्यामुळे सवय लागतेच) तर त्यातल्या ग्लिसरायझिन या गोड द्रव्यामुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर लांबच राहावं.