मदत हवी आहे : तान्ह्या बाळाच्या झटक्यांचे औषध

आम्ही घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या बहिणीचे बाळ जन्मतः रडले नाही, दुसऱ्या दिवशी त्याला झटके आले आणि तेव्हापासून फिनोबार्बिटोन सुरू आहे. आता ते तीन महिन्यांचे आहे. हातपाय झटकणे थांबले. मात्र दूध पिताना मध्येच नजर एका बाजूला खिळते व ओठ हलत राहतात, ते बहिणीने मोबाइलवर टिपले आहे.

माझ्या वाचनानुसार हे औषध मेंदूतील गाबा या रसायनाचा परिणाम वाढवते; मोठ्यांत गाबा पेशींना शांत करते, पण नवजाताच्या पेशींत क्लोराइड जास्त असल्याने ते त्यांना उत्तेजितही करू शकते, त्यामुळे काही बाळांत बाहेरून शांतता दिसते आणि ईईजीवर (मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीत) झटके चालूच असतात. तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवजातांवरील चाचणीत फिनोबार्बिटोनने ८० टक्के, तर लेव्हेटिरासिटाम या झटक्यांच्या दुसऱ्या औषधाने २८ टक्के बाळांचे झटके २४ तास थांबले होते.

आजी काहीही म्हणो, औषध आम्ही मनाने बंद करणार नाही. ईईजीसाठी नागपूर गाठावे लागते. तो आताच पुन्हा करावा का, आणि औषध कमी करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनी कशावरून घेतला, हे अनुभवी पालकांनी व जाणकारांनी कृपया सांगावे.