बेलग्रेडच्या रात्री तिला मंचावर कुणी चढवलं?

निषादवेडी
काल रात्री परत तो व्हिडिओ लावला आणि झोपेचं खोबरं करून घेतलं. १८ जून २०११, सर्बियातलं बेलग्रेड. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस मंचावर येते, शब्द विसरते, मध्येच खाली बसते, स्वतःलाच हातांनी कवटाळून उभी राहते. मागे बँड इमानेइतबारे वाजवतोय, समोर लोक हुर्यो उडवताहेत. पुढचा दौरा रद्द झाला. ३५ दिवसांनी, २३ जुलैला, लंडनला कॅम्डनमधल्या घरी ती गेली. वय २७.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: बाप टॅक्सीवाला, आई फार्मासिस्ट, आजी गाणारी. २००६ चा 'बॅक टू ब्लॅक' हा अल्बम म्हणजे साठच्या दशकातलं अमेरिकी सोल संगीत, ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या बँडची साथ, आणि शब्द मात्र थेट उत्तर लंडनच्या नाक्यावरचे. २००८ साली एका रात्रीत ५ ग्रॅमी.

माझं म्हणणं एवढंच, की तिला तिच्याच माणसांनी घालवलं. 'रिहॅब' या गाण्यात ती सांगतेय की व्यसनमुक्ती केंद्रात जा म्हणाले, मी नाही म्हटलं, बाबांनाही मी ठीकच वाटते. पोरगी गाण्यातून इशारा देत होती आणि आपण त्यावर लग्नाच्या संगीतात नाचत होतो.

खडूस_काका
आले का 'तिच्या माणसांनी घालवलं'वाले! ताई, ती २७ वर्षांची बाई होती, कुक्कुलं बाळ नव्हे. चौकशीत काय निघालं ते वाचा. १०० मिली रक्तात ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल; तिकडे गाडी चालवायची मर्यादा ८० आहे. ड्रग्ज सापडलेच नाहीत. त्याआधी जवळपास तीन आठवडे तिने दारू सोडली होती, मग परत धरली. मानसोपचार घ्यायला ती तयार नसायची, तिला सगळं आपल्याच पद्धतीने करायचं असायचं, हे तिच्या डॉक्टरांनीच चौकशीत सांगितलं. काय करायचं मग, खाटेला बांधायचं?

आणि बापाची बाजूही ऐका. आसिफ कपाडियाच्या २०१५ च्या माहितीपटात त्यांचं २००५ बद्दलचं वाक्य येतं की तिला केंद्रात जायची गरज नव्हती. त्यांची तक्रार अशी, की 'त्या वेळी' हे दोन शब्द कापले. २००५ ची गोष्ट २०११ ला चिकटवायची आणि बापाला खलनायक करायचं.

निषादवेडी
काका, २००५ चं सोडून देते. पण ती सेंट लुशिया बेटावर सावरायला गेली असताना हेच बाबा टीव्हीवाल्यांना घेऊन तिथे पोचले, ते कुणी कापून चिकटवलं?

खडूस_काका
ते चुकलंच. मान्य. पण चुकणं वेगळं आणि घालवणं वेगळं.

ऑक्टोपॅड_नाशिक
एकवीस वर्षं वाद्यवृंदात वाजवतोय, म्हणून राहवत नाही. आमच्याकडे एक गायक होता, नाव नको. काय गळा! दुसऱ्या अंकाआधी विंगेत बाटली संपलेली. सुपारी घेतलेली, ॲडव्हान्स खर्च झालेला, बाहेर हॉल भरलेला. आयोजक म्हणाला, "उभा राहतोय ना? मग सोडा." दोघांनी बखोटीला धरून पडद्यापर्यंत नेला. त्यातला एक मी.

साउंडवाल्याने त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, हळूच खाली घेतला आणि कोरसच्या पोरीचा वर. लोकांना कळलंही नाही. आम्ही त्याला 'कार्यक्रम वाचवला' म्हणायचो. तो पुढे वर्षभर तसाच उभा राहत गेला, कारण आम्ही दर वेळी वाचवत गेलो.

तेव्हा काका, खाटेला बांधा असं कुणी म्हणत नाही. विमानात बसवू नका एवढंच. दौरा बेलग्रेडनंतर रद्द करता आला, तर आधीही आला असता.

ठुमरीपंथी
मला वेगळंच खटकतं. दारू होती म्हणून गळ्यात दर्द होता, असं दर मैफलीनंतर कुणीतरी म्हणतंच. बकवास! 'बॅक टू ब्लॅक' आला २००६ च्या ऑक्टोबरात. त्यानंतर पावणेपाच वर्षं जगली, तिसरा अल्बम आलाच नाही. व्यसनाने गाणं दिलं म्हणता, मग व्यसन शिगेला असताना गाणी कुठे गेली?

तिची तयारी बघायची तर मार्च २०११ मधलं अॅबे रोड स्टुडिओतलं टोनी बेनेटबरोबरचं चित्रण बघा. हा अमेरिकी जॅझ गायक तेव्हा ८४ वर्षांचा, तिचं लहानपणापासूनचं दैवत. ती घाबरलेली, माफी मागतेय, परत सुरुवात करतेय. आणि मग ओळ मिळते! शब्द तालाच्या किंचित मागे ठेवते, पण पडू देत नाही. ही नशा नाही हो, जॅझ ऐकून ऐकून झालेला रियाज आहे. बेलग्रेडच्या फक्त तीन महिने आधीचं आहे हे.

कॅम्डनकर
मी इथेच कॅम्डनमध्ये राहतो, तिचं घर होतं त्या चौकापासून दहा मिनिटांवर. ती गेल्यावर तिच्या घरासमोरच्या झाडांखाली लोकांनी फुलं, चिठ्ठ्या ठेवल्या. ते ठीक. पण सिगारेटी आणि दारूच्या बाटल्यासुद्धा! दारूने गेलेल्या बाईला बाटली वाहायची. मला तेव्हा कळेना की हे चाहते की कोण.

बाप, मॅनेजर यांच्याआधी फोटोवाल्यांचं नाव घ्या. दाराबाहेर टोळकं असायचं. २००९ मध्ये तिला कोर्टाचा मनाई हुकूम आणावा लागला, तेव्हा एका एजन्सीचे लोक पाठलाग करायचे थांबले. ते फोटो विकत कोण घेत होतं? मीही ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, तेच फुकटचे पेपर चाळत होतो.

खडूस_काका
म्हणजे आता बाप दोषी, मॅनेजर दोषी, फोटोवाले दोषी, मीही दोषी. ती सोडून सगळे. तिच्या भावाने सांगितलंय की तिला बुलिमिया होता, खायचं आणि ओकून काढायचं, कोवळ्या वयापासून. शरीर त्यानेच खिळखिळं झालं. त्याला कुठला आयोजक जबाबदार?

निषादवेडी
कुणीच नाही. पण काका, हा तुमच्या बाजूचा मुद्दा कसा झाला? आजारी होती म्हणताय आणि सज्ञान होती, ती जाणे, असंही म्हणताय.

खडूस_काका
जेवून येतो, मग बोलतो.

कॅम्डनकर
@ऑक्टोपॅड_नाशिक, त्या गायकाचं पुढे काय झालं?

ऑक्टोपॅड_नाशिक
आहे. गात नाही. मागच्या गणपतीत भेटला, चहा घेतला. म्हणाला, "तेव्हा एकदा माईक बंद करायला हवा होतास रे."